मॅमिलारियाचं फूल पावसाळ्यातच धरतं : सांगलीच्या गॅलरीतलं एक वर्ष

फेब्रुवारीत मॅमिलारिया या छोट्या गोल कॅक्टसच्या डोक्याभोवती फुलांचं कडं उमटतं. ही फुलं शेंड्यावर येत नाहीत. आदल्या हंगामात वाढलेल्या भागावर, अंगावरच्या दोन टेंगळांच्या मधल्या बेचक्यातून ती बाहेर पडतात. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदाराला हे फोड करून सांगावं लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते, तिच्या डोळ्यातच घड धरलेला असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर तो फक्त दिसायला लागतो. काडी कच्ची राहिली तर ऑक्टोबरात कितीही औषधं मारा, घड निघत नाही. या मुठीएवढ्या कॅक्टसचंही तेच आहे. "दोन वर्षं झाली, झाड जिवंत आहे, पण फूल नाही," असं सांगणाऱ्या बहुतेक घरांत चूक फेब्रुवारीत झालेली नसते, ती जुलै ते डिसेंबर या काळात झालेली असते. म्हणून सांगलीत पहिल्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या गॅलरीत एका कुंडीचं मार्च ते पुढचा मार्च जे काम केलं, ते इथे क्रमाने देतो आहोत.

मार्चमध्ये रोप आणलं ते मॅमिलारिया हानियाना, सहा सेंटिमीटर व्यासाचं. अंगावर पांढरे केस, फुलं गडद गुलाबी-जांभळी. मूळ मध्य मेक्सिकोच्या पठारावरचं. तिथलं हवामान आणि आपलं यांत एक साम्य आहे: तिथेही पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो आणि हिवाळा कोरडा जातो. फरक आहे तो रात्रींचा. ते पठार समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार मीटरवर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे वर्षाचा ताल जुळतो, रात्रीचा गारवा मात्र कमी पडतो, आणि तो कसा मिळवायचा हाच इथला मुख्य प्रश्न. बोकासाना आणि इलाँगाटा या मॅमिलारियाही सांगलीत चांगल्या फुलतात. जिम्नोकॅलिशियम या दुसऱ्या कॅक्टसला थोडी सावलीही चालते, त्यामुळे जिथे दिवसाला तीनच तास ऊन येतं तिथे तो घ्यावा. रेब्युटिया ही कॅक्टसची आणखी एक जात फुलांना फार सुंदर, पण ती बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या उंच डोंगरातली. सांगलीच्या एप्रिलमध्ये ती मलूल पडते. साताऱ्याकडे, जिथे रात्री जरा लवकर निवतात, तिथे तिच्यावर मेहनत घ्यायला हरकत नाही.

नर्सरीत रोप हातात घेतल्यावर आधी काट्यांच्या बुडाशी बघायचं. खऱ्या कॅक्टसमध्ये काट्यांचा प्रत्येक झुबका लोकरीच्या एका बारीक गादीतून निघतो. अशी गादी नसेल आणि काटा थेट कडेच्या सालीतून आला असेल तर ते त्रिधारी निवडुंगाच्या कुळातलं काहीतरी आहे. चीक निघाला म्हणजे कॅक्टस नव्हे, असं सर्रास सांगितलं जातं; मॅमिलारियाला तो नियम लागू पडत नाही. हानियानाला टोचलं तर पांढरा चीकच येतो.

दुसरी गोष्ट फुलाची. डोक्याच्या बरोबर मध्यावर एकच मोठं, कागदासारखं कुरकुरीत, पिवळं किंवा गुलाबी फूल दिसलं तर ते बाजूला करून खाली बघावं. बऱ्याचदा तिथे डिंकाचा पारदर्शक थेंब असतो. ते वाळवलेलं दुसऱ्याच झाडाचं फूल गरम डिंकाने चिकटवलेलं असतं. पाणी लागलं की मिटतं आणि वाळलं की उघडतं, त्यामुळे घेणाऱ्याला ते जिवंत वाटतं. नुकसान मात्र मोठं होतं, कारण डिंक वाढीच्या टोकावर बसलेला असतो. असं रोप घरी आलंच असेल तर फूल ओढायचं नाही. नखं कापायच्या छोट्या कात्रीने डिंकाखालचे काटे कापत कापत ते उचलून काढायचं. हिरव्या दांड्यावरचा लाल किंवा पिवळा गोळा हाही फुलासाठी घेऊ नये. तो ड्रॅगनफ्रूटच्या जातीच्या खुंटावर केलेलं कलम असतो. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो पूर्णपणे खुंटाच्या जिवावर जगतो, आणि खुंटाला थंडी व जास्तीचं पाणी दोन्ही सोसत नाही. बरीचशी कलमं काही वर्षांतच मरतात.

आणलेलं रोप कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात होतं, जवळजवळ सगळीच असतात. नर्सरीवाल्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे: वजनाला हलकं, शेडनेटखाली रोज मोजून पाणी, पाण्यातूनच खत. घरी मात्र कोकोपीट दोन्ही टोकांना फसवतं. ओलं असलं की वरून कोरडं आणि आत आठ-दहा दिवस चिंब. एकदा पूर्ण सुकलं की आकसतं, कुंडीच्या कडेला फट पडते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. मुळांना थेंबही मिळत नाही.

म्हणून पहिले पाच दिवस रोपाला पाणी दिलं नाही. कोरडं कोकोपीट आपोआप सुटतं, ओलं असताना ओढलं तर बारीक मुळं त्याच्यासोबत तुटतात. मग वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी करून रोपाच्या पोटाभोवती गुंडाळली, पट्टीची दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि प्लॅस्टिकची कुंडी दाबून सोडवली. बांबूच्या काडीने कडेकडेने आत जात माती मोकळी केली. मुळांच्या मध्यभागी जाळीची किंवा स्पंजची एक लहान पिशवी निघते, रोप लहानपणी ज्यात वाढवलेलं असतं ती. ती कात्रीने कापून काढायलाच हवी. ती पिशवी तशीच राहिली की देठाच्या बुडाशी कायमची ओल धरते, आणि पावसाळ्यात सड तिथूनच सुरू होते.

मुळं भिंगाखाली बघितली. निरोगी मूळ पांढरट-पिवळसर आणि दोरीसारखं चिवट असतं. मुळांवर तांदळाच्या पिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर दोन बोटांत चोळून बघावं. परलाइट (मातीत मिसळतात ते हलके पांढरे खडे) असेल तर कचकचतं, पिठ्या ढेकूण असेल तर मेणासारखं पसरतं. मुळांवरचा हा पिठ्या वरून दिसत नाही. झाड फक्त वाढायचं थांबतं आणि माणूस पाणी-खताचा दोष शोधत बसतो. तो निघाला तर मुळं नळाखाली स्वच्छ धुवायची, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे औषध लिटरला अर्धा मिली घेऊन पंधरा मिनिटं मुळं बुडवायची, हातमोजे घालून, आणि मग आठवडाभर सावलीत उघडी सुकवायची. जुनी माती टाकून द्यायची, कुंडी उकळत्या पाण्याने धुवायची.

आता माती. सांगलीची काळी कसदार जमीन ऊस-हळदीला सोन्यासारखी, पण कॅक्टसच्या कुंडीत तिची चिमूटही नको. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि प्रत्येक वेळी बारीक मुळं तुटतात. चार इंची कुंडीत साधारण अर्धा लिटर मिश्रण बसतं. शंभर मिलीच्या वाटीने मोजायचं तर विटांचा चुरा दोन वाट्या, नदीची जाड वाळू एक वाटी, प्यूमिस (हलका सच्छिद्र दगड) किंवा परलाइट एक वाटी आणि पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत चाळून एक वाटी. त्यात निंबोळी पेंड अर्धा चहाचा चमचा. पानांचं खत मिळालं नाही तर गांडूळखत चालतं, पण अर्धीच वाटी, कारण ते बारीक आणि चिकट असतं.

विटेच्या चुऱ्यावर थोडं थांबायला हवं, कारण स्वस्तातला आणि सगळ्यात उपयोगी घटक तोच आहे. वीट पक्की भाजलेली पाहिजे. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी दाबावा. चिखल झाला तर ती वीट कच्ची, दोन पावसात तिची मातीच होते. चांगला चुरा ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या डाळीपर्यंत ज्या आकारात येतो तेवढाच ठेवायचा. चहाच्या गाळणीतून जे खाली पडेल ते टाकून द्यायचं, आणि वाळूही पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. ही धूळच सगळा घोटाळा करते: पहिल्या चार-पाच पाण्यांत ती खाली उतरते आणि भोकाशी गच्च बसते. मिश्रण झाल्यावर रोप न लावता कुंडी भरून एक पेला पाणी ओतलं. पाणी वर साचून राहता कामा नये, आणि दहा सेकंदांच्या आत खालून धार लागली पाहिजे. नाहीतर परत चाळायचं.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यायची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही. दोन थर जिथे मिळतात तिथे ते अडून राहतं. म्हणजे खडीने ओलाव्याचा पट्टा वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरे. वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण. कुंडी रोपाच्या व्यासापेक्षा तीन-चार सेंटिमीटर मोठी असली की झालं. लहान रोप मोठ्या कुंडीत लावलं तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते.

लावताना रोप पट्टीने धरून मधोमध लोंबतं ठेवलं आणि चमच्याने चारी बाजूंनी मिश्रण सोडलं, मध्येच कुंडी जमिनीवर हलकी आपटत. हाताने दाबायचं नाही. देठाचा बुडखा जितका आधी मातीत होता तितकाच ठेवला आणि वर एक सेंटिमीटर बारीक धुतलेली खडी पसरली, म्हणजे मानेजवळ ओल राहत नाही. वर खडी द्यायची, खाली नाही, एवढं लक्षात ठेवायचं. त्यानंतर सात दिवस सावलीत, पाणी नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा कोरड्या पडायला तेवढा वेळ लागतो. लावल्याबरोबर पाणी द्यायची आपली सवय गुलाबाला, जास्वंदीला योग्य. इथे ती घातक ठरते.

आठव्या दिवशी पहिलं पाणी. त्या वेळी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पाणी द्यायच्या आधी मातीच्या कुंडीसकट वजन ८९० ग्रॅम भरलं; पाणी निथळून गेल्यावर १०१०. हे दोन आकडे कुंडीवर खडूने लिहून ठेवले. पुढे वर्षभर प्रश्न एकच: वजन ८९० च्या जवळ आलं का? आलं तर आणखी दोन दिवस थांबून पाणी, नाही तर नाही. मार्चअखेर चार दिवसांत वजन खाली यायचं, जुलैत त्यालाच अकरा-बारा दिवस लागले. "आठवड्यातून एकदा पाणी" या सल्ल्यात काही अर्थ नाही, हे या आकड्यांवरूनच दिसतं. काटा नसेल तर खराट्याची एक काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी. काडीला माती चिकटली किंवा टोक गार लागलं तर थांबावं. पाणी द्यायचं तेव्हा मात्र खालून वाहेपर्यंत द्यायचं, साधारण सव्वाशे मिली, कडेकडेने. डोक्यावरच्या लोकरीत पाणी साठता कामा नये. उन्हाळ्यात वेळ संध्याकाळची, कारण कॅक्टस आपली रंध्रं रात्री उघडतो. पावसाळ्यात आणि थंडीत सकाळची, म्हणजे वरची ओल दिवसाउजेडी उडून जाते.

एप्रिल आणि मे हे फुलाच्या दृष्टीने सांभाळून न्यायचे महिने. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा झाड वाढ जवळपास थांबवतं. काटेरी म्हणजे रणरणतं ऊन लागतं, ही समजूत चुकीची आहे. नर्सरीच्या जाळीखाली वाढलेलं रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर दोनच दिवसांत पश्चिमेच्या अंगाला फिकट पिवळा डाग पडतो, मग तो तपकिरी खरबरीत होतो आणि झाड असेपर्यंत तसाच राहतो. म्हणून आधी सकाळचं एक तास, मग तीन-चार दिवसांनी अर्धा-अर्धा तास वाढवत दोन आठवड्यांनी साडेदहापर्यंतचं ऊन. त्यानंतर ५० टक्क्यांची हिरवी जाळी. लोखंडी ग्रिलला टेकवून कुंडी ठेवायची नाही. दुपारी ती तापते आणि कुंडीची ती बाजू मुळांना भाजते. उन्हाला घाबरून आत, टीव्हीशेजारी ठेवलं तर वेगळंच होतं. गोल अंग वरून निमुळतं होत जातं, नवे काटे विरळ आणि पांढुरके येतात. असं एकदा ताणलेलं अंग पुन्हा गोल होत नाही.

याच दिवसांत लाल कोळी येतो. डोक्याजवळचं हिरवं अंग गंजल्यासारखं तांबूस दिसायला लागतं. पांढरा कागद खाली धरून झाडाला टिचकी मारली की टाचणीच्या टोकाएवढे ठिपके कागदावर चालताना दिसतात. कोरडी, स्तब्ध हवा त्यांना मानवते. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी साध्या पाण्याचा बारीक फवारा आणि मोकळी हवा एवढ्यानेच बऱ्याचदा भागतं. भागलं नाही तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण पारा बत्तिशीच्या खाली असताना, सूर्य मावळल्यावर; भर उन्हाळ्यात दिवसा मारलेलं गंधक अंग जाळतं. इमिडाक्लोप्रिड कोळ्यावर चालत नाही. कीटकनाशकाने कोळी मरतो असं समजून पैसे घालवणारे खूप आहेत.

जूनमध्ये पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन निघाली की पन्हळीचं पाणी साठवायला लागावं. पाच लिटरचे चार-पाच कॅन भरले तर दहा-बारा छोट्या कुंड्यांचं बरेच महिने भागतं. हे पाणी एवढं मौल्यवान का, तर सांगली-मिरज भागातली बरीच बोअरची पाणी जड आणि क्षारांची आहेत. ज्यांनी नदीकाठची जमीन खारवट होताना पाहिली आहे त्यांना क्षार काय करतात हे वेगळं सांगायला नको. कुंडीत तेच छोट्या प्रमाणात होतं: खडीवर पांढरा थर, कुंडीच्या बाहेर पांढरी बुरशीसारखी फुली, मग माती अल्कधर्मी होते, लोह उचललं जात नाही आणि डोकं पिवळं पडतं. पावसाचं पाणी संपलं तर एसीमधून ठिबकणारं पाणी चालतं. आरओ मशीनमधून जे वाया जातं ते मात्र कधीही नको. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. बोअरशिवाय गत्यंतरच नसेल तर लिटरभर पाण्यात लिंबाच्या सत्त्वाची लहान चिमूट टाकून पीएच कागदावर आम्लता सहाच्या आसपास येते का ते बघावं.

पावसाळ्यात झाड छपराखाली, पण हवेत. बंद खिडकीतली दमट उब त्याला पावसाइतकीच वाईट. दोन कुंड्यांमध्ये चार बोटं अंतर, खाली ताटली नाही. ढग जमलेले असतील तर वजन उतरलं तरी पाणी पुढे ढकलायचं. ऊन पडायला लागलं की द्यायचं. जुलैअखेरपासून, दिवस जरा उघडतात तेव्हा, डोक्यावर नवे काटे दिसायला लागतात. जुन्या काट्यांपेक्षा ते तजेलदार असतात, मुळाशी ओलसर चकाकी असते. फुलं धरायची ती याच नव्या भागावर. याच काळात खत. सांगलीतल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत मिळतं. अर्धा चहाचा सपाट चमचा पाच लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. महिन्यातून एकदा, तेही पाण्याच्या पाळीला. कोरड्या मातीत खताचं पाणी देऊ नये. आधी थोडं साधं पाणी, मग खताचं. ऑगस्ट आणि सप्टेंबर १९:१९:१९, ऑक्टोबरच्या सुरुवातीला नत्र नसलेलं ०:५२:३४ त्याच प्रमाणात, आणि तिथे खत संपलं. युरिया नको. त्याने अंग भराभर फुगतं, पण मऊ होतं, आणि मऊ अंगात पहिल्यांदा बुरशी शिरते.

सड लागलीच तर ती ओळखायला बोट लागतं. मातीलगतचा भाग अंगठ्याने हलकेच दाबावा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर ठीक, पिकलेल्या टोमॅटोसारखा लागला तर त्याच दिवशी कापायचं. सुरी स्पिरिटने पुसून सडलेल्या भागाच्या वर आडवा काप घ्यायचा आणि चकती बघायची. मध्यावर एक बारीक कडं असतं, तिथून झाडाच्या नळ्या जातात. त्या कड्यात तांबूस-केशरी एक जरी ठिपका दिसला तर सड वर गेलेली आहे. सुरी परत पुसून आणखी पाच मिलिमीटर वर काप. चकती पूर्ण पांढरट-हिरवी येईपर्यंत कापत जायचं, हात आखडता घ्यायचा नाही. एक ठिपका ठेवला तर आठवड्याने सगळं जातं. मग कापावर गंधकाची पूड लावून, कडा थोड्या तिरक्या छिलून, तो डोक्याचा तुकडा हवेशीर सावलीत बारा ते पंधरा दिवस ठेवायचा. काप चामड्यासारखा कडक झाला की कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवायचा. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात.

दिवाळी झाली की पाणी तोडायला घ्यायचं. आटपाडी-जतकडचा डाळिंबवाला बहार धरायच्या आधी बागेला ताण देतो, तसाच हा ताण. नोव्हेंबरमध्ये एक पाणी, पंधरा तारखेच्या आत. त्यानंतर जानेवारीच्या शेवटापर्यंत जवळपास कोरडं. जवळपास अशासाठी, की थंड देशांत तीन-तीन महिने एक थेंबही देत नाहीत, तिथे दिवसाही गारठा असतो. सांगलीत डिसेंबरच्या दुपारी तीस अंश सहज होतात आणि मातीची लहान कुंडी हाडासारखी कोरडी पडते. मग बारीक मुळं मरतात आणि फेब्रुवारीत पाणी घ्यायला कोणी उरत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, लख्ख उन्हाच्या दिवशी सकाळी, कडेने दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिली पाणी दिलं. चार सेंटिमीटरहून लहान रोपाला हेच पंधरा-वीस दिवसांनी द्यावं लागतं.

आणि गारवा. या दिवसांत कुंडी घरात घ्यायची नाही. माया म्हणून थंडीत आत आणलेला कॅक्टस रात्रभर बावीस-तेवीस अंशांत राहतो, त्याला विश्रांती मिळत नाही, तो पाणीही मागतो आणि वाढतोही, आणि फुलं विसरतो. गॅलरीच्या बाहेरच्या कठड्याजवळ, भिंतीपासून दोन-तीन फूट लांब ठेवलं. दिवसभर तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडते, त्यामुळे तीन फूट लांब ठेवल्यानेही गारव्यात फरक पडतो. रात्रीचे बारा-चौदा अंश पुरतात. ऊन मात्र या दिवसांत भरपूर, जाळी काढून, दक्षिणेकडचं तिरपं ऊन पूर्ण अंगावर. अंग जरा आकसतं, टेंगळं जवळ येतात, पांढरे केस दाट दिसायला लागतात. हे बघून जीव कळवळतो आणि हात पाण्याकडे जातो. तो हात आवरणं हेच या दोन महिन्यांतलं काम.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात भिंग घेऊन डोक्याच्या मध्यापासून तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या बेचक्यांत बघावं. आधी तिथली लोकर थोडी फुगलेली दिसते. चार-पाच दिवसांनी त्या लोकरीत टाचणीच्या टोपीएवढा तांबडा-गुलाबी ठिपका. पुढच्या आठवड्यात त्याच ओळीत शेजारी शेजारी आणखी, म्हणजे कडं बांधायला सुरुवात झाली. नवा काटा टोकदार आणि फिकट निघतो, कळी गोल आणि गडद. एकदा फरक दिसला की पुन्हा चुकत नाही. कळ्या नक्की झाल्या की पहिलं पाणी पन्नास मिली. आठ दिवसांनी भरपूर. ताणानंतर एकदम पोटभर पाणी दिलं तर कधी कधी अंगाला उभी चीर जाते. कळ्या दिसल्यानंतर कुंडी फिरवायची नाही, जागाही बदलायची नाही, नाहीतर अर्ध्या कळ्या आहेत तिथेच सुकतात.

पहिली फुलं फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उघडली. एकेक फूल दीड-दोन सेंटिमीटरचं; सकाळी साडेदहाला ऊन चढलं की पाकळ्या सुटायच्या, संध्याकाळी पाचला मिटायच्या. ढगाळ दिवशी उघडली नाहीत. एक फूल चार दिवस टिकतं, पण सगळ्या एकदम उमलत नसल्याने कडं साडेतीन आठवडे राहिलं. मिटलेली वाळकी फुलं ओढून काढू नयेत, स्वतः सुटेपर्यंत थांबावं. पावसाळा तोंडावर आला तरी राहिली असतील तेव्हा मात्र चिमट्याने उचलावीत, कारण ओल लागली की बुरशी तिथेच बसते.

फळ धरायला बहुतेक मॅमिलारियांना वेगळ्या बीजापासून वाढलेलं दुसरं झाड लागतं. एकाच झाडाची पिल्लं एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. दोन झाडं एका वेळी फुललेली असतील तर मऊ ब्रशने दुपारी बाराच्या सुमाराला परागकण इकडून तिकडे न्यावेत. फळ काही महिन्यांनी, फुलं कधीच विसरल्यावर, अचानक लोकरीतून वर येतं: लवंगी मिरचीसारखं लाल, दीड-दोन सेंटिमीटर लांब. ते चिमट्याने सहज सुटलं की पिकलं. आतला गर चहाच्या गाळणीत धुऊन खसखशीएवढं बी कागदावर सुकवायचं. पावसाळ्यात पेरायचं नाही, पुढच्या फेब्रुवारीअखेर पेरायचं. झाकणाचा पारदर्शक डबा, तळाला भोकं, तेच मिश्रण पण बारीक चाळलेलं आणि उकळत्या पाण्याने भिजवून गार केलेलं. बी वर नुसतं भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही. डबा उजेडात ठेवायचा, उन्हात नाही. आठ-दहा दिवसांत हिरवे मण्यासारखे कोंब दिसतात. झाकण दीड महिन्यानंतर रोज थोडं थोडं उघडत जायचं, आणि कोंबांवर पहिले काटे आल्यावर पूर्ण काढायचं.